शाईपेनांचा एकखांबी तंबू

इंग्रजीत शाईपेनांच्या परीक्षणांना तोटा नाही. तासतासभराचे व्हिडिओ, भिंगाखाली धरलेल्या निबचे फोटो, एकेका शाईवर पानंच्या पानं. तरी ती वाचून मागवलेलं पेन हातात आलं की माझं काहीतरी बिनसायचंच. परीक्षणात 'अतिशय गुळगुळीत' म्हणून गौरवलेली निब माझ्या वहीत दर शब्दाला अडखळायची. कारण साधं होतं. परीक्षणं करणारे रोमन लिपीत लिहीत होते आणि मी देवनागरीत.

वळणदार इंग्रजीत निब कागद फारसा सोडत नाही. आपण शब्द लिहितो, निब उचलतो, मागे येतो आणि डोक्यावर डावीकडून उजवीकडे रेघ ओढतो. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार यांच्यासाठी उचलायचं ते वेगळंच. दर वेळी निब टेकल्याबरोबर शाई उतरायला हवी. कारखान्यात प्रमाणाबाहेर घासून गुळगुळीत केलेल्या निबच्या मधल्या, शाई उतरायच्या चिरेच्या कडा मात्र आतून इतक्या गोल होतात की शाई कागदापर्यंत पोचायला थोडा दाब द्यावा लागतो. सलग लिहिणाऱ्याला ते जाणवतही नाही, आपल्याला ओळीत दहा वेळा जाणवतं. निबच्या दोन पाकळ्यांपैकी एक केसभर खाली बसलेली असेल तर उभ्या रेघेत ते झाकून जातं, शिरोरेषेत तीच पाकळी कागद ओरबाडते. निबचे दोष उघडे पाडायला शिरोरेषेइतकं कडक साधन दुसरं नसावं. जाडीचंही तेच. युरोपीय 'मीडियम' निबने इंग्रजी झकास दिसतं. त्याच निबने 'ज्येष्ठ' किंवा 'क्षुब्ध' लिहून बघा, अक्षरातल्या पोकळ्या बुजतात. जपानी निबा त्याच नावाखाली साधारण एक पायरी बारीक असतात, म्हणून मराठीला त्या जास्त मानवतात.

हे सांगणारं मराठीत मला काही सापडेना, म्हणून वेबसाइट काढली. मी नाशिकला एका पतसंस्थेचे हिशेब बघते. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी आणि टॅली. तेवढ्यावर वेबसाइट उभी राहते, फक्त ज्या गोष्टी कुणी सांगत नाही त्या एकेक करून अंगावर येतात.

पहिली गोष्ट पत्त्याची. २०१४ पासून '.भारत' असे देवनागरी पत्ते मिळतात. मोह झाला होता. पण कितीतरी ठिकाणी अर्ज भरताना तो पत्ता आणि त्यावरचा ईमेल स्वीकारलाच जात नाही, असं दिसल्यावर मुकाट्याने '.इन' घेतलं. घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू: "मॅडम, आपण नवीन डोमेन घेतलंय, वेबसाइट बनवून देऊ का?" हा त्रास महिनाभर चालतो आणि मग आपोआप थांबतो, एवढंच नवीन माणसाला सांगते.

दुसरी गोष्ट प्रत्येक पानाच्या पत्त्याची. माझी साइट वर्डप्रेस या तयार प्रणालीवर चालते. तिला मराठी शीर्षक दिलं की ते पत्ताही मराठीत करतं, आणि ब्राउझरमध्ये तो छान दिसतो. पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची लांबच लांब शेपटी होते. देवनागरीतलं एकेक चिन्ह तिथे नऊ अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेस त्या भागाला जागा देतं दोनशे अक्षरांची. म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हं झाली की कात्री. माझ्या मावशीने असा दुवा 'व्हायरस आहे' म्हणून उघडलाच नाही. तेव्हापासून शीर्षक मराठीत आणि पत्ता रोमनमध्ये, तोही जमेल तेवढा छोटा. तत्त्व म्हणून मला हे आवडत नाही. पण लोकांनी दुवा उघडलाच नाही तर तत्त्व कुणाला दाखवायचं?

फॉन्टसाठी बरीच उलथापालथ केली आणि मुंबईच्या 'एक टाइप'च्या 'मुक्त'वर येऊन थांबले. जोडाक्षरं नीट, आकडे नीट, फुकट. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीच्या हिशेबाने ठेवून चालत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. तयार थीममधलं अंतर मी सरळ दीडपटीच्या वर नेलं. पान लांबतं, पण वाचवतं.

तिसरी गोष्ट मोठी होती. साइट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या होस्टिंग कंपनीने न विचारता सगळ्यांची खाती नव्या सर्व्हरवर हलवली, आणि एका सकाळी माझ्या साइटवर मराठीच्या जागी फक्त प्रश्नचिन्हं. इंग्रजी शब्द, आकडे, किमती शाबूत. बाकी सगळीकडे रांगोळीच्या ठिपक्यांसारखी प्रश्नचिन्हं. मदतकक्षाचं उत्तर: "आमच्याकडून सगळं ओके दिसतंय." त्यांना दिसणारच, कारण त्यांच्या लेखी साइट चालू होती. यात एक भेद कळून घेण्यासारखा आहे. मराठीच्या जागी परदेशी उच्चारचिन्हांची अक्षरं दिसत असतील तर घाबरू नये. मजकूर आत सुरक्षित असतो, तो चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय इतकंच. पण प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर मूळ अक्षर कायमचं गेलं. माझ्याकडे दर रविवारी उतरवून घेतलेली प्रत होती, म्हणून वाचले. हिशेबाच्या नोकरीने लावलेली खोड, दुसरं काय. कंपनी मात्र बदलली.

आता परीक्षणाकडे. पेन आलं की मी आधी ते पाण्याने धुते, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून. आपल्याकडच्या हातबनावटीच्या पेनांत कातकामाचं तेल राहून जातं आणि शाई फीडमध्ये, म्हणजे निबखालच्या शाई वाहून आणणाऱ्या भागात, धरत नाही. ते दोष म्हणून लिहिणं अन्याय होईल, पण धुवावं लागलं हे लिहिते. मग ठरलेला मजकूर: जोडाक्षरांचा एक परिच्छेद, नुसत्या शिरोरेषांच्या दोन ओळी आणि टोपण उघडं ठेवून पाच मिनिटांनी लिहिलेलं एक वाक्य. निब टोचत असेल तर मी ती भिंगाखाली बघून पितळेच्या पातळ पत्रीने सरळ करू शकते, पण परीक्षण लिहायचं ते पेन जसं आलं तसं. दुरुस्तीनंतरचं वेगळ्या परिच्छेदात. वाचणाऱ्याच्या घरी भिंग आणि पत्री असेलच असं नाही.

कागदाचा प्रश्न सगळ्यात चिवट निघाला. परदेशी परीक्षणं महागड्या जपानी कागदावर होतात, आणि तिथे कुठलीही शाई सुंदरच दिसते. आपण लिहितो ती किराणा-स्टेशनरीच्या दुकानातली ६०-७० जीएसएमची (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या कागदाची) वही. त्यातही एकाच कंपनीच्या दोन वह्यांत कागद वेगळा निघतो, म्हणून मी एका लॉटच्या वह्यांचा गठ्ठाच घेऊन ठेवते. एवढं करूनही रत्नागिरीच्या एका वाचकांचा मेल आला की तुम्ही चांगली म्हटलेली शाई आमच्याकडे फुटते, अक्षराला मुळं फुटल्यासारखी दिसतात, आणि वाळता वाळत नाही. तीच शाई लातूरच्या एका शिक्षकांना अगदी पटकन वाळणारी वाटत होती. दोघंही खरं सांगत होते. कोकणातल्या पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पिऊन बसतो. शाई आत शिरायच्या ऐवजी तंतूंमधून बाजूला धावते आणि वरची ओल उडून जायला हवेत जागा नसते. तेव्हापासून प्रत्येक शाईच्या पानावर चाचणीचा महिना आणि गाव लिहिते. वाळायच्या वेळेचा सेकंदातला आकडा त्याशिवाय निरर्थक आहे, हे माझं ठाम मत. (शाईच्या रंगाच्या फोटोंबद्दल मी बोलणार नाही. मोबाइलचा कॅमेरा निळ्याचा जांभळा करतो, स्कॅनर चमक मारून टाकतो. मी उत्तरेच्या खिडकीत फोटो काढते आणि शेजारी कॅमलची रॉयल ब्लू ठेवते, कारण तो रंग बहुतेकांच्या डोळ्यांत शाळेपासून बसलेला आहे.)

कॅमलवरून आठवलं. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरुवात केली, 'कॅमल' नंतर आलं. या माहितीचं पान माझ्या साइटवर परीक्षणांपेक्षा जास्त वाचलं जातं, आणि त्याचा मला थोडा मत्सर वाटतो. दौत बघून लोक हळवे होतात. निबच्या चिरेबद्दल कुणी हळवं होत नाही.

या छंदाचं वर्तुळ लहान आहे. राजमहेंद्री, चेन्नई, मुंबई अशा ठिकाणी मोजकी घरं आणि मोजके कारागीर लेथवर एबोनाइट आणि ॲक्रिलिकचे दांडे कातून पेनं बनवतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हात ठेवलं तर रंग उडतो, टोपण उघडलं की मंद वास येतो. निब बहुधा जर्मन. मोठ्या कंपनीच्या पेनाला नावं ठेवली तर त्या कंपनीला पत्ताही लागत नाही. इथे मात्र पेन बनवणाऱ्या माणसाचा संध्याकाळी फोन येतो.

असा एक फोन आला होता. टोपणाच्या आट्यांशी तडा गेला, असं मी फोटोसकट लिहिलं होतं. पलीकडचा माणूस भांडला नाही. "मॅडम, तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काही नाही," तो म्हणाला. "पण माझा लेथ एकच, महिन्याला पेनं निघतात किती? तुमचं पान वाचून दोघांनी ऑर्डर परत घेतली." यावर काय बोलणार? परीक्षण काढून टाकायला मी नकार दिला. पण त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत खाली घालू का, असं विचारलं. तो तयार झाला. तडा जाण्याचं कारणही त्यानेच सांगितलं: त्या रंगाचा ॲक्रिलिकचा दांडा ठिसूळ निघाला होता आणि आट्यांजवळची भिंत पातळ ठेवली होती. पुढच्या खेपेपासून त्याने भिंत जाड केली. मी नवं पेन पैसे देऊन मागवलं, वापरलं, आणि त्याच पानावर तारीख घालून नोंद वाढवली.

तिथून माझ्या कामाची दिशाच बदलली. हाताने बनवलेल्या पेनाचं परीक्षण म्हणजे एका नगाचं परीक्षण. पुढचा नग वेगळा असतो, दोन वर्षांनी पुरवठादार वेगळा, निब वेगळी. पण गूगल वाचकाला जुनंच पान दाखवतं, आणि तो त्यावर विसंबून दोन-तीन हजार रुपये मोजतो. म्हणून आता नवीन परीक्षणं कमी लिहिते आणि जुनी पानं जास्त वेळा उघडते. पेन अजून मिळतं का, किंमत काय, निब तीच का, माझं स्वतःचं पेन आज कसं चालतंय. एबोनाइटचा रंग उतरला, क्लिपचा मुलामा गेला, कन्व्हर्टर (शाई ओढून घ्यायची आतली नळी) हलायला लागला, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच लिहिता येत नाही. माझ्या मते परीक्षणाचा खरा ऐवज तिथे आहे, आणि मोठ्या साइट नेमक्या तिथे जात नाहीत, कारण जुन्या पानावर मेहनत घेऊन त्यांना काही मिळत नाही.

फुकट आलेल्या पेनांचा विषय टाळता येत नाही. कारागीर पाठवतात, मीही काही वेळा घेतली आहेत, आणि पानाच्या सुरुवातीला तसं ठळक लिहिते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या. फुकट वस्तू, सवलत, भेट, काहीही असलं तरी ते सांगितलं पाहिजे आणि सोप्या भाषेत सांगितलं पाहिजे, हा त्यांचा गाभा. मला त्या आवडल्या. मात्र भारतीय शाईपेनाचं सगळ्यात गाजलेलं परीक्षण या नियमात बसलं नसतं! राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेलं स्वदेशी पेन गांधीजींना पोचलं, आणि १९३५ मध्ये त्यांनी वर्ध्याहून आभाराचं पत्र लिहिलं की पेन वापरलं, बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो. दोन-तीन ओळी. भेट होती हे आभारातच आलं, म्हणजे सूट द्यायला हरकत नाही. पण गळतं का, हे काही त्यांनी लिहिलं नाही.

पैशांचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच असतो. जाहिराती लावून पाहिल्या. पेनाच्या फोटोशेजारी ऑनलाइन रमी यायला लागली तेव्हा काढून टाकल्या. मग दुकानांचे कमिशनवाले दुवे. त्यात बेइमानी नाही, पण एक ओढ असते आणि ती हळूच काम करते. कमिशन मिळतं ते मोठ्या ऑनलाइन दुकानांतून, म्हणजे आयात पेनांवर. ज्यांच्यासाठी साइट काढली ते कारागीर ऑर्डर घेतात व्हॉट्सॲपवर. त्यांच्याकडे कमिशनची व्यवस्थाच नाही. चार महिन्यांचा ताळा मांडला तर दिसलं की माझी 'पुढे लिहायची' यादी आयात पेनांनी भरत चालली आहे. कुणी सांगितलं नव्हतं, दबाव नव्हता. दुवे काढले. आता डोमेन, होस्टिंग आणि पेनं मिळून जो खर्च होतो तो छंदाचा खर्च. वापरलेली पेनं 'वापरलेलं' असं सांगून कमी किमतीत देऊन टाकते, त्यातून थोडे सुटतात.

न मागता मिळणारे पैसे निराळे. "आपल्या साइटवर आमचा पाहुणा लेख छापाल का, त्यात फक्त एक दुवा असेल," असे मेल इतके येतात की त्यांची मी वेगळी पेटी केली आहे. दुवा बहुधा कसिनोचा किंवा कर्जाच्या ॲपचा. गूगलने २०१९ पासून पैसे घेऊन दिलेल्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण घालायची सोय दिली आहे, म्हणजे दुवा विकत घेतलेला आहे हे गूगलला कळतं. उत्तरादाखल मी विचारते, ती खूण घालून चालेल का? पुन्हा मेल येत नाही.

गेल्या काही काळात येणाऱ्यांची संख्या फुगली आणि माणसं मात्र घटली. आकडेवारी नीट पाहिली तर निम्म्याहून जास्त वर्दळ यंत्रांची. रात्री-बेरात्री सगळी पानं उचलून नेणारे बॉट, त्यात माझ्या होस्टिंगची मर्यादा संपायची. काही अडवले, काही नाव बदलून येतात. २०२४ पासून गूगलही उत्तर वरच्या वर तयार करून देतं. 'पेन गळतंय काय करू' असं विचारणाऱ्याला माझ्या पानापर्यंत यायची गरजच उरत नाही. तक्रार करून उपयोग नाही. मात्र ते उत्तर पेन कुठलं, शाई कुठली, गाव कुठलं हे विचारत नाही, आणि ड्रॉपरने शाई भरायच्या पेनात तेच तर महत्त्वाचं असतं. अशा पेनाचं अख्खं धड हीच शाईची टाकी. शाई तळाशी गेली की वरची हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईचा थेंब निबमधून बाहेर ढकलते. म्हणून शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की भरून घ्यावी. एवढं एक वाक्य मी किती जणांना लिहून पाठवलं असेल.

सध्या जे करते आहे ते थोडं वेगळं आहे. माझा एकटीचा हात, एकच वही, एकच हवा यांना मर्यादा आहेत, म्हणून पेनं फिरतीवर पाठवते. पेन धुऊन पूर्ण कोरडं करायचं, प्लंबरकडून आणलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात कापसासकट घालायचं, दोन्ही तोंडांना बूच. शाई पाठवायची नाही. बाटली फुटली तर पोस्टातल्या बाकीच्या पत्रांचं काय होईल ते सांगायला नको. आधी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचे, ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावलं गेलं, त्यामुळे आता स्पीड पोस्ट. वाचकाने महिनाभर रोजचं लिखाण त्या पेनाने करायचं आणि एक पान टिपण त्याच पेनाने लिहून मला, आणि पेन पुढच्याला पाठवायचं. ही टिपणं मी सुधारत नाही, स्कॅन करून परीक्षणाखाली लावते. ती एकमेकांना खोडतात. कोर्टात अर्ज लिहिणाऱ्या एका गृहस्थांना जे पेन जड वाटलं, त्याच पेनाबद्दल पखवाजाचे बोल उतरवून घेणाऱ्या एक बाई लिहितात की वजनामुळे हात स्थिर राहतो. दोन्ही टिपणं शेजारी शेजारी आहेत, वरती माझं तिसरं मत.

एक हिरवं-काळं एबोनाइटचं पेन या फेरीत लातूरला जाऊन अडकलंय. तिथल्या शिक्षकांना ते पुढे पाठवायचंच नाहीये. विकत देता का म्हणून विचारतायत, आणि कारागिराकडे त्या रंगाचा दांडा संपलाय. आधी टिपण पाठवा, मग किमतीचं बोलू, असं मी त्यांना कळवलंय.